काहीही लिहा

फणसाचं लाकूड कापलं की हळदीसारखं पिवळं दिसतं. मग वर्षावर्षाने काळवंडत मधाच्या रंगावर येतं. तोवर ते कुणी कापलं हे विचारणारं कुणी उरत नाही.

ज्या घरात बोंबील टांगलेत त्या घरात लग्नाचं लुगडं ठेवू नये.

बहारीनमध्ये हातकाम येणाऱ्या माणसाला मुअल्लिम म्हणतात. शाळेतल्या मास्तरलाही तेच म्हणतात.

"हळदीचे किती घेता?" दस्तुरी नाक्यावर एक अनोळखी माणूस, बगलेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

मुलगा गाडीवर ड्रायव्हर हाय, असं तुळसाने पाहुण्यांना सांगितलं. पाहुण्यांनी मग चहा घेतला.

पावसात सरस पातेल्यात घालायचा नाही.

सुतार व्हायला जन्म लागतो.

लेबल तिरकं होतं.

यातलं शेवटचं तेवढं आजचं, आज सकाळचं. बाकीचं त्याच्या मागोमाग भरतच्या डोक्यात शिरलं, उघड्या दारातून कोंबड्या शिराव्यात तसं, कुठली आधी आणि कुठली नंतर याला काही अर्थ नव्हता. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलेली काळी पेटी त्याने कामाच्या टेबलावर उघडली होती. आतल्या गिटारीची पाठ उभी चिरली होती. केसाएवढीच भेग, पण वरून खालपर्यंत. ती आतून किती गेलीय हे बघायला त्याने तारा सैल केल्या, पुढच्या गोल भोकातून वायरीला लावलेला बारका बल्ब आत सोडला आणि वाकून पाहिलं. जिथं कोरं लाकूड असायला हवं होतं तिथं कागद होता. सायीच्या रंगाचा जाड कागद, त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. श्रुतिका बर्वे. खाली, लुथिअर. त्याखाली बारीक अक्षरात, पुणे. श्रुतिका पुण्यात त्याच्या गिटारी विकत होती हे खरं. तिच्याकडे इतर ठिकाणच्याही गिटारी येत असणार. त्याला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाची आपल्याकडे आली. ते वाटणं किती बरं होतं. मग त्याने भोकाला नाक लावलं आणि आतून धूर आला, जुना, गोवरीचा आणि ऐनाच्या लाकडाचा, आणि धुराच्या खाली, सगळ्यात खाली, सुके बोंबील.

हा वास जगात एकाच घरातून निघत होता, कापडे गावातल्या त्याच्या आईच्या घरातून. बावीसेक वर्षांपूर्वी महामार्गाची वळणं काढताना पोलादपूरच्या बाजूला रस्त्याकडेचे फणस आणि शिवण पडले, तेव्हा ते ओंडके टेम्पोत घालून आणणारा भरत होता. टेम्पो इरशादचा, आणि ओंडके इरशादचा थोरला भाऊ मुख्तार याच्यासाठी. मुख्तार बहारीनमध्ये एका वाद्यांच्या दुकानात ऊद, म्हणजे अरबी तंतुवाद्य, दुरुस्त करायला शिकला होता आणि परत येऊन महाडात गांधारी नदीच्या काठच्या शेडमध्ये गिटारी करायला बसला होता, कारण इथं ऊद कुणाला हवा होता? भरत ओंडके उतरवायला थांबला, मग फळी धरायला थांबला, मग थांबलाच. महाडच्या हवेत लाकूड सुकत नाही, घाम येत राहतो त्याला. तेव्हा भरतनेच फळ्या कापड्याला नेल्या आणि आईच्या चुलीवरच्या माळ्यावर रचल्या. दोन पावसाळे खालून धूर. माळा आईचा, तुळसाचा होता, तिथं तिचे बोंबीलही होते, ते तिने फळ्यांच्या मधोमध सारले, जागा चांगली कोरडी म्हणून. पहिली गिटार मुंबईला गेली आणि वासासाठी परत आली. गिऱ्हाइकाचा बाप फोनवर म्हणाला होता की मुलगा वाजवायला बसला की घरातलं मांजर मांडीवर येऊन बसतं. मुख्तार हसून हसून टेबलाखाली बसला होता. "भरत्या, तुझ्या आयशीने गिटारीला फोडणी दिली रे."

त्याच दिवशी मुख्तारने तो नियम काढला. गिटारीची पाठ उघडून आतून घासून काढली होती, वास तेवढाच राहिला होता, आणि बंद करायच्या आधी त्याने कानामागची पेन्सिल घेऊन कोऱ्या लाकडावर लिहिलं, मुख्तार, भरत, महाड. इतके दिवस का लिहिलं नाही, असं भरतने विचारलं तर म्हणाला, "पोर नांदली तर सासरचं नाव. परत आली तर बापाचं." म्हणजे जाताना गिटार कोरीच जायची. विकत घेणाऱ्याची व्हायची. कधी मान वाकली, पाठ चिरली, तारांचा पूल उखडला आणि ती महाडला परत आली, की उघडायची, बरी करायची आणि मग नाव घालायचं. परत आलेली ती आपली. भरतला ते पटलं होतं. पटलं होतं म्हणजे काय, आवडलं होतं. त्यात एक प्रकारचा तोरा होता, न मागण्याचा. शिवाय नावापुढं काय लिहायचं हा प्रश्नच त्यामुळे पुढं ढकलला जायचा, आणि तो प्रश्न त्या शेडमध्ये रोजच्या चहाइतकाच नेमाने यायचा.

कारण आपण कोण? कापड्याला गेलं की लोक म्हणत, सुतारकी करतोस म्हणं. बाप हयात होता तोवर हे ऐकून ताटावरून उठायचा, कुणब्याच्या पोराने रंधा धरला म्हणून. बापाचं सोडा, पण गावचा सोमा सुतार, ज्याने साऱ्या वाडीचे नांगर केले आणि आता पोलादपुरात शटरच्या दुकानात बसतो, तोही एकदा एसटीच्या मागच्या बाकावर शेजारी बसून अगदी शांतपणे म्हणाला होता, "तू सुतार नायस. सुतार व्हायला जन्म लागतो. तू नुसता लाकूड कापतोस." म्हणजे ज्यांना तो सुतार वाटत होता त्यांना लाज वाटत होती, आणि जो सुतार होता त्याला राग येत होता. महाडात गिटारवाला म्हणत. गिटारवाला म्हणजे हळदीत वाजवणारा, बेंजो पार्टीतला. नाक्यावर लोक तारखा विचारायचे, ढोलकी तुमची की आमची विचारायचे. मुख्तार त्यांना खुशाल भाव सांगायचा आणि वर म्हणायचा, नाचणारा आणला तर वेगळे. कारागीर म्हटलं तर हे मूर्ती करणाऱ्यापासून गादी भरणाऱ्यापर्यंत सगळेच, आणि त्या शब्दात नेहमी कुणीतरी दुसरा मालक उभा असतो. बहारीनच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला सगळे मुअल्लिम म्हणत, गिऱ्हाईक दारातून आत येताना आवाज खाली आणून म्हणत. मुख्तार ते सांगताना स्वतःचाही आवाज खाली आणायचा. मग म्हणायचा, "हितं म्हणून बघ. झेडपीच्या शाळेत बदली करतील." सेजल, भरतची मुलगी, कॉलेजात सांगते की पप्पा म्युझिक इंडस्ट्रीत आहेत. आणि आईने, बायकोच्या, सारिकाच्या माहेरची माणसं बघायला आली तेव्हा, तो टेम्पो सोडून वर्ष होऊन गेलं होतं तरी, ड्रायव्हर सांगितलं. खोटं म्हणून नाही. तिला माहीत असलेला शेवटचा शब्द तो होता. भरत तिथंच खुर्चीवर बसला होता. लग्न झालं, आणि सारिकाला खरं कळलं तेव्हा ती म्हणाली, गाडीवर असतात तर निदान माहेरी सोडलं असतं.

श्रुतिका पहिल्यांदा आली ती मुख्तार असताना. दुसऱ्यांदा आली तेव्हा तो करोनात गेला होता, आणि शेडच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराच्या चिखलाची रेघ होती, जी पुढं तीन वेळा चुना मारूनही गेली नाही. ती मुलगी वाईट नाही. हे भरत स्वतःला दर वेळी आधी सांगतो आणि मग पुढचा विचार करतो. तिने बूट बाहेर काढले. गिटारीच्या भोकाला नाक लावून डोळे मिटले आणि म्हणाली, काका, हा वास. मुंबईच्या मांजराची गोष्ट सांगितली तर हसली नाही, लिहून घेतली. धुरावर मुरवलेलं लाकूड, म्हणाली, याला लोक वेडे होतील. आणि झालेही असावेत, कारण आई गेल्यावर, माळ्यावरच्या तिच्या हाताखालच्या फळ्या संपत आल्यावर, नव्या गिटारींना तसा वास नाही अशी तक्रार पुण्याहून आली. भरत कापड्याला गेला. भाऊ मुंबईला, घराला कुलूप. त्याने कुलूप काढलं, चूल पेटवली, महाडच्या बाजारातून नेलेले बोंबील फळ्यांच्या मधे टांगले आणि धुरात बसून राहिला. शेजारची म्हातारी डोकावून गेली, काय शिजतंय रे म्हणून, आणि चुलीवर भांडंच नाही हे बघून परत गेली. ज्या वासासाठी पहिली गिटार परत आली होती तो आता मागवून घेतला जात होता आणि त्याला तो खोटा करावा लागत होता. पण आज टेबलावर होती ती खोटी नव्हती. हा आईचा धूर होता. शेवटच्या फळ्यांतला.

तिने विचारलं होतं, हेही खरं. काका, वेबसाईटवर तुमच्या नावापुढं काय लिहू? तेव्हा तिनेच तो शब्द सांगितला, लुथिअर, आणि दोनदा म्हणून दाखवला. हाताने गिटारी करणाऱ्याला जगभर असं म्हणतात. छोटे, स्वतंत्र, एकेकटे काम करणारे, त्यांना. शब्द भरतच्या तोंडात बसेना. नवीन बुटासारखा. घालून आरशासमोर चालावं आणि कुणी बघायच्या आत काढून ठेवावा असा. मुख्तार असता तर त्याने तो शब्द चार दिवस शेडमध्ये फिरवला असता, ओ लुथिअर, चहात साखर घाल, ओ लुथिअर, गटार तुंबलंय, आणि पाचव्या दिवशी तो आपला झाला असता, किंवा मेला असता. एकट्याला शब्द आपला करता येत नाही. भरत म्हणाला, काहीही लिहा. ती म्हणाली, तसं नको, तुम्ही सांगा. पुढच्या वेळी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं, वर हसून म्हणाला, नावाने काय गिटार वाजते. हे बोलताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची चव आज तोंडात आली, कडू कारल्याची नाही, औषधाची.

दहाच्या सुमाराला त्याने फोन लावला. आधी भेगेबद्दल बोलला. एसीत राहिली का, किती दिवस. बोलता बोलता त्याला कळत होतं की भेग एसीची नाही. गौरी-गणपतीच्या आधी हवी म्हणून तिने घाई केली होती आणि त्याने भर श्रावणात पाठ चिकटवली होती, मुख्तारने जन्मात केलं नसतं ते. ओल्या हवेत फुगलेलं लाकूड तसंच जखडलं, ते पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात आकसून फाटणारच. चूक त्याची होती, लाकडात उभी लिहिलेली, कुणीही जाणत्याने वाचावी अशी. नाव मात्र दुसऱ्याचं. मग त्याने लेबलाचं विचारलं. ती म्हणाली, कोरी गिटार कुणी घेत नाही काका, आत बघून लोक विचारतात कुणाची. तारा मी बसवते, मानेवरच्या पट्ट्या मी घासते, ऐकते, नाही चालली तर थांबवते, हेही कामच आहे ना. आणि साईटवर तुमचा उल्लेख आहे, कोकणातले आमचे कारागीर म्हणून.

"मी तुम्हाला तीनदा विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही काहीही लिहा म्हणालात."

त्याने कधी हवी विचारलं. ती म्हणाली शुक्रवारपर्यंत, ज्याची आहे त्याचा कार्यक्रम आहे, तो कालच घाबराघुबरा होऊन माझ्याकडे घेऊन आला. आभार मानून तिने फोन ठेवला. खरोखर आभार मानले, ती तशीच आहे.

सरसाची एक चांगली गोष्ट असते, गरम केला की तो सोडतो. पाठीच्या कडेकडेने गरम सुरी फिरवत भरतने ती इंच इंच सैल केली. कडेचा जोड उकलताना सरस चरचरतो आणि जनावराच्या कातड्याचा वास येतो, त्यात आईचा धूर मिसळला आणि शेड क्षणभर कापड्याचं घर झालं, गुरं आत बांधलेलं. पाठ उचलून त्याने टेबलावर उताणी ठेवली. भेग नेमकी लेबलाखालून गेली होती. लेबल काढल्याशिवाय तिला आतून ठिगळं लावता येणार नव्हती. त्याने किटलीची वाफ दिली आणि पातळ पात्याने कागद अख्खा उचलला, कोपरा न दुमडता. हात असं काम करताना काही विचारत नाहीत. तेवढ्यात साजिदा आली. मुख्तारची बायको, शेडच्या पुढच्या घरात राहते, रंध्याचे कुरळे तासे कोंबड्यांच्या खुराड्यात घालायला टोपलीत भरून नेते. टोपली भरता भरता तिने ओल्या कागदाकडे पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, आणि भरतने वाचून दाखवलं. लुथिअर म्हणजे काय तेही सांगितलं.

साजिदा खाली बसली. बाई चांगली हाय, म्हणाली, माझी चौकशी करते. मग म्हणाली, "तुझा हात मोडला काय रे भरतभाऊ? पेन्सिल ती पडलीय."

भरतने मुख्तारचा नियम सांगितला. तिला तो माहीत होता, पण सांगितला.

"मग? परत आली की ही."

तो तिथं अडला. आली का परत? ज्याची आहे तो माणूस घाबरून गेला तो पुण्याला गेला, श्रुतिकाकडे. त्याच्या डोक्यात महाड नव्हतंच. नांदायला गेली ती पुण्याला, मोडली तेव्हा परत गेली तीही पुण्यालाच, इथं तर तिला दवाखान्यात आणावी तसं आणलं होतं. हे तो बोलला, तुकड्यातुकड्याने, आणि बोलताना त्याला ते इतकं बिनतोड वाटलं की स्वतःचीच भीती वाटली. साजिदाने टोपली डोक्यावर घेतली.

"तुम्हा दोघांना नाव लिवायची लाज होती," ती म्हणाली. "नियम मागून केला."

ती गेल्यावर तो ठिगळं तासत बसला. शिवणीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, रेषा भेगेला आडव्या. भेगेत कढत सरस भरला, दोन्हीकडून आवळलं, ठिगळं एकाखाली एक बसवली, उसवलेल्या पाठीवर टाके घालावेत तशी. दुपारी ऊन खडखडीत होतं आणि सरस हवा तसा धरत होता. नियम मागून केला. असेलही. पहिली गिटार मुंबईला जाताना मुख्तारने पेन्सिल हातात घेतली होती, भरतला आठवलं, किंवा आता आठवावंसं वाटलं. घेतली होती आणि म्हणाला होता, काय लिवू? आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले होते, दोन माणसं चोरी करताना सापडल्यासारखी. मग पाठ लावून टाकली होती. नंतर ती वासासाठी परत आली, त्यात अपमान होता, आणि अपमानाच्या आडोशाला उभं राहून नाव लिहायला सोपं गेलं होतं. एरवी कुठल्या तोंडाने लिहायचं? आमच्याकडे स्वतःचं नाव घ्यायचंच कुठं असतं, दार वाजवलं तरी माणूस म्हणतो, मी हाय. आतून आवाज ओळखायचा.

त्याने पेन्सिल घेतली. कोऱ्या लाकडावर, भेगेच्या शेजारी, टोक टेकवलं. मुख्तार या गिटारीला शिवला नव्हता, म्हणजे त्याचं नाव घालणं खोटं. फक्त भरत लिहिलं तर खालून प्रश्न येतोच, कोण भरत? तिथं ड्रायव्हर लिहिता आलं असतं. त्याला हसू आलं आणि ते हसायला शेडमध्ये कुणी नव्हतं. आईला गिटार दाखवली होती का आपण कधी, पुरी झालेली, तारा लावलेली? दाखवली असती तर तिने काय म्हटलं असतं, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं, आणि तिच्या धुराला मात्र पुण्यात नाव मिळालं होतं, इंग्रजीत, वेबसाईटवर, ऐटबाज. पेन्सिलीच्या टोकाचा एक ठिपका लाकडावर उठला. तो त्याने अंगठ्याने पुसला. पुसताना अंगठ्याचा घाम लाकडाला लागला, तेवढा राहिला.

शुक्रवारी कार्यक्रम होता. ज्याची गिटार आहे तो भोकातून आत बघणार, ओळखीचा कागद शोधणार. भरतने लेबल घेतलं. ते वाळून थोडं वळलं होतं, ते रंध्याच्या पोलादी बुडाखाली दाबून सपाट केलं. सोनेरी अक्षराला कुठं धक्का नव्हता. लावणाऱ्याने घाईत लावलं होतं, बंद गिटारीच्या भोकातून हात घालून लावलं की तिरकं जाणारच, त्यात तिचा दोष नाही. पण उघड्या पाठीवर तिरकं लावायला काही कारण नव्हतं. त्याने गुण्या ठेवला, मधली रेष हलकी आखली, कागदाला पातळ खळ लावली आणि लेबल बसवलं. दोन्ही कडांपासून मोजून पाहिलं. सरळ होतं. मग पाठ लावून शिकंजे आवळले, जोडातून बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसला, आणि भोकातून बल्ब सोडून एकदा आत पाहिलं. श्रुतिका बर्वे, लुथिअर, पुणे. अक्षरं अशी दिसत होती जणू लाकूड उगवलं तेव्हापासून तिथंच होती.

२०२१च्या जुलैत पाणी शेडमध्ये शिरलं तेव्हा आत सहा गिटारी होत्या, सगळ्या परत आलेल्या, सगळ्यांत मुख्तारच्या अक्षरात नावं, त्या सहाही पाण्यात गेल्या. कोऱ्या होत्या तेवढ्या आदल्या आठवड्यात पुण्याला गेल्या होत्या.